सहलीची चिकटवही आणि एकसारखे टी-शर्ट

पनवेल



येत्या मे महिन्यात घरातील अकरा माणसे माथेरानला जाणार असून त्या सहलीची चिकटवही करण्याचे आणि सर्वांसाठी एकसारखे टी-शर्ट छापून घेण्याचे काम भाची मुक्ता हिने अंगावर घेतले, ही कौतुकाची गोष्ट आहे. चिकटवही, म्हणजेच हल्लीची स्क्रॅपबुक, ही अल्बमहून वेगळी वस्तू आहे. अल्बममध्ये छायाचित्रे ओळीने लावली की काम संपते. चिकटवहीत मात्र तिकीट, पावती, हाताने काढलेला नकाशा आणि या सर्वांना जोडणारा मजकूर एकत्र येतो, आणि त्यांत मजकूरच सर्वांत मोलाचा असतो. मजकुराविना नुसत्या रंगीत फिती आणि चमकी लावून सजवलेल्या कित्येक वह्यांतील चेहरे कोणाचे, हे वीस वर्षांनी घरच्या माणसांनाही सांगता येत नाही.

पनवेलशेजारच्या पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे यांचे उदाहरण या बाबतीत ध्यानात घेण्याजोगे आहे. बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेतील यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने ते १८५७ मध्ये काकांबरोबर निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला आणि हे सारे सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, आठवणीतून लिहून काढले. ‘माझा प्रवास’ हे ते पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढी स्मरणशक्ती प्रत्येक घरात नसते, म्हणून सहलीत रोज रात्री निजण्यापूर्वी पाच-सहा ओळी तरी लिहाव्यात. माथेरानच्या दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना बंदी असल्याने तेथून कोण पायी चालले, कोण घोड्यावर बसले, कोण घाबरून उतरले आणि वाटेत कोणाची चप्पल तुटली, हे छायाचित्र सांगत नाही.

वहीच्या कागदाची निवड मन लावून करावी. स्वस्त कागदात लाकडातील लिग्निन हा घटक उरलेला असतो. उजेड आणि हवा लागून तो पिवळा पडतो आणि कागद ठिसूळ होतो, म्हणून आम्लरहित कागदाची वही घ्यावी. चिकटपट्टीचे डाग पुढे निघत नाहीत, यासाठी छायाचित्रे जुन्या अल्बमांप्रमाणे कागदी कोपऱ्यांत बसवावीत आणि दोन पानांमध्ये बटर पेपर घालावा. बसची किंवा हॉटेलची यंत्रातून निघणारी पावती बहुधा उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर असते व तिची अक्षरे काही महिन्यांत उडू लागतात, तेव्हा तिची झेरॉक्स लगेच काढून ठेवावी. पनवेलच्या पावसाळी दमटपणात बुरशी आणि कसर दोन्ही लागतात, म्हणून वही जूनपूर्वी पूर्ण करून कोरड्या कपाटात ठेवावी. सहलीत कर्नाळा अभयारण्यात जाणे झालेच, तर तेथील पीस किंवा पान वहीसाठी उचलू नये. अभयारण्यातून असे काही नेण्यास कायद्याने मनाई आहे.

टी-शर्टांची कल्पना नवी वाटली तरी तिचे मूळ घरचेच आहे. एकाच ताग्यातून सर्व भावंडांना दिवाळीचे कपडे शिवण्याची रीत अनेक मराठी घरांत होती. ती काटकसरीतून आली, पण गर्दीत आपले पोर ओळखू येण्याची सोयही त्यातून झाली. माथेरानची लाल माती पांढऱ्या कापडावरून सहजी जात नाही, त्यामुळे विटकरी किंवा गडद रंगाचे सुती कापड घ्यावे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी निराळी जाळी तयार करावी लागते, म्हणून ते गोविंदा पथकासारख्या मोठ्या संख्येला परवडते. सब्लिमेशनची छपाई पॉलिएस्टरवरच नीट बसते आणि मे महिन्यात पॉलिएस्टर अंगाला घामाने चिकटते. अकरा नगांसाठी डीटीएफ, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर उतरवलेली छपाई, अधिक योग्य ठरते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, हे धरून मापे द्यावीत. मजकूर मराठीतच असावा आणि छापण्यापूर्वी नमुना मागवून जोडाक्षरे तपासावीत, कारण फॉन्ट बदलला की ‘श्री’ची सुद्धा मोडतोड होते. कुलदैवताचे चित्र मात्र छापू नये. जो कपडा धुण्याच्या ढिगात पडतो आणि शेवटी फडके होतो, त्यावर ते शोभत नाही.

वहीचे पहिले पान सजावटीला न देता सहलीला येणाऱ्या अकराही जणांची पूर्ण नावे, जन्मगाव आणि परस्पर नाते यांसाठी राखावे, व आजीचे माहेरचे नाव तिच्याकडूनच, तिच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे. आजी ऐंशीच्या पुढे गेली आहे, तेव्हा हे पान सहलीला निघण्यापूर्वीच पुरे करावे.