प्रोग्रॅमच्या स्टॅकला मेमरी कोण देतं आणि कधी देतं?



सी भाषेच्या प्रॅक्टिकलला हा प्रसंग दरवर्षी हमखास येतो. प्रोग्रॅम कंपाइल होतो, एकही एरर नसते. पण चालवला की स्क्रीनवर दोनच शब्द येतात : ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. उघडून बघावं तर मेन फंक्शनच्या आत ३० लाख पूर्णांकांचा ॲरे घेतलेला असतो. विद्यार्थी विचारतो, "सर, मशीनला ८ जीबी रॅम आहे. ॲरेला जेमतेम १२ एमबी लागतात. मग मेमरी कमी कशी पडली?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र रॅममध्ये नाही, कर्नलच्या नियमांत आहे. आज आपण लिनक्सचं उदाहरण घेऊन ते समजून घेऊ.

आधी थोडी उजळणी

फंक्शनला कॉल केला की त्याची लोकल व्हेरिएबल्स आणि परत जाण्याचा पत्ता स्टॅकवर ठेवला जातो. फंक्शन संपलं की ती जागा मोकळी होते. नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर स्टॅक वरच्या पत्त्याकडून खालच्या पत्त्याकडे वाढतो, हे लक्षात ठेवा.

कर्नल काय करतो?

प्रोग्रॅम सुरू होताना कर्नल स्टॅकसाठी पत्त्यांचा एक छोटा पट्टा राखून ठेवतो. स्टॅकची कमाल मर्यादा बहुतेक लिनक्स मशीनवर ८ एमबी असते. पण सुरुवातीला ही सगळी मेमरी दिली जात नाही. पंगतीत वाढपी अख्खं पातेलं एकाच ताटात रिकामं करतो का? नाही, लागेल तसं वाढतो. कर्नलचंही तसंच आहे.

मेमरीचं वाटप पानांच्या हिशोबाने होतं. एक पान ४ केबीचं, म्हणजे ८ एमबीमध्ये २०४८ पानं बसतात. प्रोग्रॅमने अजून न मिळालेल्या पानाला हात लावला की प्रोसेसर थांबून कर्नलला कळवतो. याला ‘पेज फॉल्ट’ म्हणतात. नाव फॉल्ट असलं तरी ही चूक नव्हे, रोजचाच व्यवहार आहे. मग कर्नल तपासतो :

१. हा पत्ता स्टॅकच्या पट्ट्यात, किंवा पट्टा खाली वाढवून येण्यासारखा आहे का?
२. वाढवल्यावर मर्यादा ओलांडली जाते का?
३. खाली दुसऱ्या कामाची मेमरी असेल, तर मध्ये पुरेसं अंतर राहतं का?

सगळं ठीक असेल तर कर्नल शून्यांनी भरलेलं एक कोरं पान देतो आणि अडलेली सूचना पुन्हा चालते. प्रोग्रॅमला यातलं काहीच कळत नाही. ठीक नसेल तर मात्र तो सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल पाठवतो. आपला १२ एमबीचा ॲरे इथेच अडकला. रॅम भरपूर होती, पण ८ एमबीची वेस ओलांडली गेली.

तिसऱ्या तपासणीतलं अंतर पूर्वी फक्त एका पानाचं होतं. २०१७ मध्ये ‘स्टॅक क्लॅश’ नावाची त्रुटी उघड झाली. स्टॅक एवढ्याशा फटीवरून उडी मारून शेजारच्या मेमरीत शिरू शकत होता. त्यानंतर लिनक्सने हे अंतर २५६ पानांचं, म्हणजे १ एमबीचं केलं.

मग मर्यादा हवीच कशाला?

समजा, रिकर्शनमध्ये थांबण्याची अट लिहायची राहून गेली. प्रत्येक कॉलला ६४ बाइट लागत असतील, तर साधारण १ लाख ३१ हजार कॉलनंतर स्टॅक संपतो आणि प्रोग्रॅम बंद पडतो. मर्यादा नसती तर तो पान मागत राहिला असता, कर्नल देत राहिला असता, आणि शेवटी सगळं मशीनच अडकलं असतं. म्हणजे एकाची चूक सगळ्यांना भोवू नये, म्हणून ही वेस आहे.

कर्नल हा नियम स्वतःलाही लावतो, तोही जास्त कडक. ६४ बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवर प्रत्येक थ्रेडच्या कर्नल-स्टॅकला साधारण १६ केबीच मिळतात, आणि तो वाढत नाही.

करून बघा

टर्मिनलवर ‘युलिमिट’ ही आज्ञा ‘एस’ पर्यायासह द्या. ८१९२ हा आकडा दिसला, तर तो केबीमध्ये आहे. मग तोच ॲरे ‘मॅलॉक’ने घ्या आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवा. आता तो चालेल, कारण ती जागा स्टॅकवर नाही. मर्यादा वाढवण्याआधी स्वतःला एक प्रश्न जरूर विचारा : एवढी मोठी वस्तू स्टॅकवर ठेवायची गरजच आहे का?