खुल्या आकाशाखालील अंत्यविधी आणि कॅमेऱ्याची मर्यादा

मृत्यू सर्वांना सारखाच; परंतु मृतदेहाला निरोप देण्याच्या रीती समाजागणिक निराळ्या. कोठे दहन, कोठे दफन, तर कोठे देह खुल्या आकाशाखाली ठेवण्याची प्रथा आहे. तिबेटी बौद्ध देह गिधाडांना अर्पण करतात. मुंबईत मलबार हिलवरील डुंगरवाडीत पारशी समाजाचे दखमे आहेत. मालवण भागातील आपले अनेक बांधव नोकरीनिमित्त मुंबईस असतात. केम्प्स कॉर्नरवरून जाताना ती दाट झाडी त्यांनी पाहिली असेल. अशा विधींची छायाचित्रे काढावीत काय, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा म्हणून हा लेख.

प्रथा. पृथ्वी, जल व अग्नी ही तत्त्वे मृतदेहाने अपवित्र होऊ नयेत, ही पारशी धर्माची धारणा. दखमा म्हणजे छप्पर नसलेली गोल दगडी वास्तू. आत तीन वर्तुळाकार रांगा असतात : बाहेरची पुरुषांसाठी, मधली स्त्रियांसाठी, आतली मुलांसाठी. मध्यभागी अस्थींची विहीर. आत फक्त नसेसालार जातात, आप्तही नाहीत. मग कॅमेऱ्याला प्रवेश कसा असणार?

सुत्तातील पाहणे. सतिपट्ठान सुत्तात स्मशानात टाकलेल्या देहाच्या नऊ अवस्था सांगितल्या आहेत. फुगलेला देह, कावळ्या-गिधाडांनी खाल्लेला देह, विखुरलेली हाडे आणि शेवटी त्यांचा चुरा. भिक्खूने हे पाहावे ते आपलाही देह याच धर्माचा आहे हे जाणण्यासाठी. चारचौघांना दाखविण्यासाठी नव्हे. हा भेद छायाचित्रकाराने मनात ठेवावा.

एक कठीण प्रसंग. १९९०च्या दशकात देशभर गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्याचे कारण, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. २००६ साली भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. त्याच वर्षी, आईला डुंगरवाडीत निरोप दिलेल्या एका पारशी महिलेने आतील न विघटलेल्या देहांची छायाचित्रे उजेडात आणली. समाजात खळबळ माजली. छायाचित्रे खरी होती, प्रश्नही खरा होता. पण त्या देहांच्या आप्तांना कोणी विचारले होते? आम्हांस वाटते, घरच्या माणसाने घरचे दुःख उघड करणे वेगळे. परक्याने कुतूहलापोटी तेच करणे क्षम्य नाही.

आपला ठेवा. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले. नामदेव व्हटकर यांनी ती अंत्ययात्रा चित्रित केली. त्या दिवसाची कृष्णधवल छायाचित्रे आज घराघरांत आहेत. लाखोंचा जनसागर आणि रडणारे चेहरे त्यांत दिसतात. तो शोक सार्वजनिक होता, म्हणून ती आपली साक्ष ठरली. कॅमेऱ्याने काय टिपावे, याचा हा आदर्श.

विद्यार्थ्यांसाठी सूचना

१. आधी घरच्यांची परवानगी घ्यावी. नकार आला तर कॅमेरा पिशवीत ठेवावा.

२. मृतदेहाऐवजी खांदा देणारे हात, वाट, समुद्र आणि उभी माणसे टिपावीत. फ्लॅश वापरू नये. सावलीत किंवा संध्याकाळी ४०० एएसएचा रोल बरा.

३. शुभ्र वस्त्रांचा समूह चौकटभर असल्यास मीटर फसतो आणि पांढरे करडे होते. एक स्टॉप जादा प्रकाश द्यावा.

४. कोकणच्या पावसाळ्यात निगेटिव्हला बुरशी धरते. निगेटिव्ह कागदी पाकिटात घालून, सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. पाकिटावर गाव व तारीख लिहावी.

आपल्या वाडीतील वडीलधाऱ्यांना निरोप कसा दिला गेला, याची नोंद आपणच ठेवली पाहिजे. बाहेरचा कोणी येऊन ती ठेवणार नाही. मात्र ती ठेवताना गेलेल्या माणसाची प्रतिष्ठा आधी, छायाचित्र नंतर.