'मिसबिहेव्ह' लिहिण्याआधी थांबा! तक्रारीचा इंग्रजी ईमेल कसा लिहायचा?



समजा, तुम्ही अकोल्यातून इंद्रायणी तांदूळ किंवा राजूरचे पेढे पुण्या-मुंबईला पाठवता. पार्सल न्यायला आलेला कुरिअरवाला तुमच्या पॅकिंगवाल्या ताईंवर ओरडला, बॉक्स आपटला आणि पार्सल न घेताच निघून गेला. तुम्ही रागात कंपनीला ईमेल टाकता: 'युवर बॉय मिसबिहेव्हड विथ अवर लेडी स्टाफ.'

इथेच घोळ होतो.

अर्थ काय जातो?

आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत 'बाईशी मिसबिहेव्ह केलं' हे बऱ्याचदा छेडछाडीसाठी वापरतात. ईमेल वाचणारा तेच समजणार. ओरडणाऱ्या पोराची नोकरी जाऊ शकते. आणि नंतर तुम्ही 'नाही हो, फक्त ओरडला' म्हणालात, की तुमच्या पुढच्या तक्रारीला वजन राहत नाही.

याउलट इंग्लंड-अमेरिकेत हा शब्द जास्त करून मुलांच्या खोडकरपणासाठी येतो. तिथल्या ग्राहकाला तुमची तक्रार किरकोळ वाटेल.

व्याकरण, दोन मिनिटांत

१. 'मिसबिहेव्ह' हे क्रियापद, 'मिसबिहेविअर' हे नाम. 'ही डिड मिसबिहेविअर' चूक. 'ही मिसबिहेव्हड' बरोबर.

२. मराठीत आपण 'माझ्याशी' उद्धट वागला म्हणतो. त्या 'शी'चं आपण 'विथ' करतो. पण 'रूड'नंतर 'टू' लावा: 'ही वॉज रूड टू अवर पॅकर.'

मग लिहायचं काय?

शेरा नको, घटना लिहा. काय झालं, कधी झालं, तुम्हाला काय हवंय. बस्स!

'ऑन मंडे ॲट फोर पीएम, युवर पिकअप पर्सन शाउटेड ॲट अवर पॅकर, थ्रू द बॉक्स डाउन अँड लेफ्ट विदाउट द पार्सल. प्लीज अरेंज अ पिकअप टुमॉरो.'

हे वाचून कंपनीला लगेच कळतं की नेमकं काय करायचं.

खरंच छेडछाड झाली असेल तर?

मग 'मिसबिहेव्ह'च्या आड लपवू नका. ताईंना विचारून, त्यांच्या शब्दांत स्पष्ट लिहा. पोलिसांत जाता येतं. शिवाय तुमच्याकडे १० पेक्षा कमी माणसं असली, तरी २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

आणखी एक जड शब्द: 'चीटिंग'

पेमेंट लेट झालं म्हणून लगेच 'चीटिंग' लिहू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये तो गुन्हा आहे. लिहा: 'द पेमेंट इज ओव्हरड्यू.' सोबत बिल नंबर आणि तारीख द्या.

आजचा होमवर्क: तुम्ही पाठवलेला शेवटचा तक्रारीचा मेसेज उघडा. त्यातला प्रत्येक शेरा काढून तिथे घडलेली गोष्ट लिहा. उरलेल्या मेसेजवर समोरच्याला उत्तर द्यावंच लागेल.