फ्रीझर थंड होत नाही?

मुलांनो, फ्रीझरमध्ये बर्फ नीट जमत नाही, तेव्हा आपण लगेच कारागिराला बोलावतो. त्याआधी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात.

प्रथम प्लग व बटण तपासा. मग दाराच्या कडेचे रबर पाहा. कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करा. पट्टी सहज बाहेर आली, तर रबर सैल झाले आहे असे समजा. अशा फटीतून दमट हवा आत जाते आणि तिच्यातील बाष्पाचा बर्फ होतो. बर्फाचा थर जाड झाला, की अन्नाला पुरेसा थंडावा मिळत नाही.

हा बर्फ सुरीने कधीही खरवडू नका. त्यामागच्या नळीला भोक पडले, तर आतला वायू निघून जातो. प्लग काढा, दार उघडे ठेवा आणि बर्फ आपोआप वितळू द्या.

वीज गेली, तर दार उघडू नका. भरलेला मोठा फ्रीझर बंद राहिला, तर सुमारे ४८ तास थंड राहतो. फ्रिजमधला लहान कप्पा मात्र लवकर तापतो. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत. उष्णता मिळताच ते पुन्हा वाढतात. म्हणून वितळून गरम झालेले मांस किंवा मासे, वास आला नाही तरी, खाऊ नका.

आणि फ्रीझरला हात लावताच झटका बसला, तर पुन्हा हात लावू नका. घरातील मोठ्या माणसांना ताबडतोब सांगा. ते काम कारागिराचेच आहे.