फोडणीचा वास येईना तेव्हा

या महिन्याचा आरोग्य पाठ



गटाच्या बैठकीत ताप, खोकला, कंबरदुखी यावर आपण मोकळं बोलतो. पण "मला वासच येत नाही" हे सहसा कुणी सांगत नाही. सांगितलं तर घरातले म्हणतात, त्यात काय एवढं? भाजीत मीठ जास्त पडलं, दूध करपलं, की मात्र बोलणी त्याच बाईला. म्हणून यावेळचा पाठ नाकावर.

कोरोनाने शिकवलेली गोष्ट

सर्दीत नाक चोंदलं की वास येत नाही, हे आपल्याला माहीत होतं. कोरोनात वेगळंच घडलं. नाक मोकळं, श्वास व्यवस्थित, आणि तरी वास एकदम गेला. १३ जून २०२० रोजी केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने वास किंवा चव जाणं हे कोरोनाच्या लक्षणांच्या यादीत घातलं. त्याच्या दोन महिने आधी, एप्रिलमध्ये, आपल्या जिल्ह्यातले ऊसतोड मजूर कारखान्यांवरून गावी परतत होते. तेव्हा सगळं लक्ष तापाकडे आणि खोकल्याकडे होतं. नाकाबद्दल कोण विचारणार?

पुण्यात आयसर ही विज्ञान संस्था आणि बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून रुग्णांची वास घेण्याची ताकद यंत्राने मोजली. ज्यांना कसलाच त्रास जाणवत नव्हता, अशा बाधितांमध्येही बऱ्याच जणांची ही ताकद कमी झालेली निघाली. म्हणजे वास कमी झालाय हे माणसाला स्वतःलाही कळतंच असं नाही.

वास जातो कसा?

नाकाच्या आत अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, एक लहानसा पातळ थर असतो. त्यात वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्या थेट मेंदूला निरोप देतात. या पेशींना आधार देणाऱ्या, त्यांची निगा राखणाऱ्या सोबतिणी पेशीही तिथेच असतात. २०२० मध्ये शास्त्रज्ञांना दिसलं की कोरोनाचा विषाणू आत शिरतो तो दरवाजा या सोबतिणींना असतो, वास ओळखणाऱ्या पेशींना नाही. सोबतिणी आजारी पडल्या की वास ओळखणाऱ्या पेशींचं काम थांबतं.

यातच चांगली बातमी आहे. हा थर पुन्हा भरून येतो. वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. म्हणून बहुतेकांचा वास परत येतो. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला. त्यात महिन्याभरात १०० पैकी साधारण ७४ जणांचा आणि सहा महिन्यांत ९६ जणांचा वास परत आल्याचं दिसलं. पण त्यातच असंही दिसलं की बायकांचा वास परत येण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी होतं. म्हणून हा विषय आपला आहे.

कोरोनाच नाही, तर फ्लू आणि साध्या सर्दीच्या विषाणूंनीही वास जाऊ शकतो. काहींना परत येताना वास बदलून येतो. कांदा, लसूण, अंडी यांचा वास जळका किंवा सडका वाटतो. ते ढोंग नसतं. पेशी नव्याने जुळत असताना असं होतं.

बैठकीत करून पाहा

एका ताईने डोळे मिटून नाक दाबून धरायचं. तोंडात थोडे जिरे टाकून चावायचे. कडसर, खरखरीत लागेल, पण जिरे आहेत हे सांगता येणार नाही. मग नाक सोडायचं. लगेच ओळख पटेल. जीभ फक्त गोड, खारट, आंबट, कडू एवढंच ठळक सांगते. बाकीची चव नाकातून येते. म्हणूनच वास गेला की "तोंडाला चव नाही" असं वाटतं, आणि बाई भाजीत मीठ-तिखट वाढवत जाते. बीपी असलेल्यांना ते वाढीव मीठ महागात पडतं.

खरा धोका

सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात. उज्ज्वला योजनेमुळे गॅस आता आपल्या घराघरात आहे. पण ज्या बाईचं नाक काम करत नाही, तिला ही सूचना मिळतच नाही. म्हणून :

- काम झालं की रेग्युलेटर बंद करायची सवय लावा. नळीवरची मुदत पाहा.
- गळतीचा संशय आला तर जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून कधीच बघू नका.
- गळती असेल तर दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण दाबू नका, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.
- दूध, उरलेली भाजी, पीठ दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला द्या.
- फवारणीचं औषध पाण्याच्या किंवा तेलाच्या बाटलीत ठेवू नका. वासावरून ओळखू, हा भरवसा आता नाही.

मसाला, पापड, लोणचं करणाऱ्या गटांनी विशेष लक्ष द्यावं. शेंगदाणे खवट आहेत का, तेल जुनं आहे का, हे आपण नाकानेच ठरवतो. वास न येणाऱ्या ताईला कामावरून काढू नका. तिला वजन, पॅकिंग, हिशोब द्या आणि तपासायला दुसरी ताई ठेवा.

नाकाचा सराव

जर्मनीतले डॉक्टर थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये एक सोपा सराव मांडला. गुलाब, लिंबू, निलगिरी आणि लवंग हे चार वास. सकाळी आणि रात्री, प्रत्येक वास १५-२० सेकंद हळूहळू हुंगायचा, आणि तो पूर्वी कसा यायचा ते मनात आठवायचं. निदान १२ आठवडे. खर्च जवळजवळ नाही. लवंग डब्यात आहे, लिंबाची साल घरात आहे. पहिल्या आठवड्यात फरक दिसणार नाही. बचतीसारखंच आहे हे. थोडं थोडं, पण न चुकता.

नाकात लिंबाचा रस, लसणाचा रस, कापूर असलं काही घालू नका. २०२१ मध्ये लिंबाच्या थेंबांचा सल्ला मोबाईलवर खूप फिरला होता. त्याने आतला नाजूक थर आणखी दुखावतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्याही घेऊ नका.

डॉक्टरकडे कधी जायचं?

ताप-खोकल्यासोबत वास गेला तर आशाताईंना सांगा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून थोडं अंतर ठेवा. श्वास लागत असेल तर थांबू नका, १०८ ला फोन करा. महिन्याभरात वास परत आला नाही, एकाच नाकपुडीचा गेला, नाकातून रक्त येतं किंवा डोक्याला मार लागल्यावर गेला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढची चिठ्ठी घ्या. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय इथे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या बैठकीसाठी

१. आपल्या गटात कुणाला वास कमी येतो का? प्रत्येकीला विचारा, कारण ती स्वतःहून सांगणार नाही.
२. प्रत्येकीच्या घरातल्या गॅस नळीची मुदत वहीत लिहा.
३. ऊसतोडीला जाणाऱ्या ताईंना निघण्याआधी हा पाठ वाचून दाखवा. कोपीवर दवाखाना लांब असतो, माहिती तरी सोबत असू द्या.

नाक गेलं म्हणून बाईची किंमत जात नाही. तिला पहिल्यांदा विश्वासाने ऐकणारं कुणीतरी लागतं. ते काम आपला गट नक्की करू शकतो.

— तुमची क्षेत्र समन्वयक