चाकांवरचे बिऱ्हाड

प्रास्ताविक

एका जागी न टिकणाऱ्या माणसाविषयी बोलताना मराठीत 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे म्हटले जाते. मोटारगाडी आली आणि हे बिऱ्हाड पाठीवरून चाकांवर गेले. आषाढी वारीत दिंडीबरोबर जाणारा ट्रक हे त्याचे परिचित उदाहरण होय. शिधा, भांडीकुंडी, तंबू आणि वारकऱ्यांच्या वळकट्या त्यात असतात. मुक्कामी पोहोचल्यावर त्याच्याच आडोशाला स्वयंपाक होतो. लांब पल्ल्याच्या मालमोटारीचा चालक तर वर्षातील कित्येक रात्री केबिनमध्येच काढतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींची चालक-केबिन वातानुकूलित असावी, असा नियम केंद्र सरकारने केला, तो या वास्तवाची दखल घेऊनच. अलीकडे हौसेने प्रवास करणारी कुटुंबेही रात्री गाडीतच मुक्काम करू लागली आहेत. महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. परंतु सर्वांनाच कॅरव्हॅन परवडत नाही. या पाठात साध्या, लहान मोटारीतील मुक्कामाचा, आणि विशेषतः त्यासाठी लागणाऱ्या विजेचा विचार केला आहे.

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला गाडीच्या बॅटरीतील विजेचा हिशेब मांडता येईल आणि बंद गाडीत झोपण्यातील धोके सांगता येतील.

मूळ पाठ

घरात दिवा लावताना कोणी हिशेब करत नाही. भिंतीवरील बटण दाबले की दिवा लागतो. किती वीज खर्च झाली ते महिन्याच्या शेवटी देयकावरून कळते. गाडीत राहणाऱ्या माणसाला ही चैन परवडत नाही. त्याच्याजवळची वीज मडक्यातल्या पाण्यासारखी असते. जेवढी भरून ठेवली तेवढीच मिळते, आणि मडके रिकामे झाले तर सकाळी गाडी सुरू होत नाही. वस्तीपासून तीस-चाळीस किलोमीटर दूर, मोबाईलला संपर्क नसलेल्या घाटात ही गोष्ट केवळ गैरसोयीची राहत नाही.

गाडीतील नेहमीची बॅटरी मुळात मुक्कामासाठी बनवलेलीच नसते. तिचे काम इंजिन सुरू करण्याचे. त्यासाठी ती काही क्षणांपुरता शंभर-दोनशे अँपिअर, कधी त्याहूनही अधिक, प्रवाह देते. एवढा प्रवाह एकदम मिळावा म्हणून तिच्यातील शिशाच्या पट्ट्या पातळ आणि संख्येने जास्त ठेवलेल्या असतात. इंजिन सुरू होताच आल्टरनेटर हे यंत्र तिची भरपाई करू लागते. थोडे द्यावे आणि लगेच परत घ्यावे, असा तिचा स्वभाव आहे. रात्रभर थोडी थोडी वीज काढून तिला रिकामी केले आणि तशीच ठेवली, तर पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात व तिची साठवणशक्ती कायमची घटते. दहा-बारा वेळा असे झाले की नवी बॅटरीही निकामी होण्याच्या मार्गाला लागते. पुष्कळ वेळा दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो, तो अन्यायाचा आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. लहान मोटारीची बॅटरी साधारणपणे १२ व्होल्ट आणि ३५ अँपिअर-तासांची असते. या दोन संख्यांचा गुणाकार केला की ४२० वॅट-तास मिळतात. एक वॅट-तास म्हणजे एक वॅटचे उपकरण एक तास चालवण्यास लागणारी वीज. मात्र हे सर्व ४२० वॅट-तास वापरायचे नसतात. बॅटरीचे आयुष्य टिकावे आणि सकाळी इंजिन निश्चित सुरू व्हावे, यासाठी रात्री एक तृतीयांशाहून अधिक वीज काढू नये. म्हणजे हाती राहतात फक्त १४० वॅट-तास. बॅटरी जुनी असेल तर त्याहूनही कमी.

समजा, दोन माणसे उन्हाळ्यात गाडीत मुक्कामाला आहेत. त्यांना दोन मोबाईल चार्ज करायचे आहेत. होणारी गळती धरून प्रत्येकी २५, म्हणजे ५० वॅट-तास लागतील. पाच वॅटचा एलईडी दिवा तीन तास लावला तर १५ आणि बारा वॅटचा छोटा पंखा आठ तास चालवला तर ९६. एकूण १६१ वॅट-तास झाले. हिशेब २१ वॅट-तासांनी चुकला. त्यावरचा उपाय अगदी साधा आहे. मोबाईल दिवसा, गाडी चालू असतानाच चार्ज करावेत. मग रात्रीचा खर्च १११ वर येतो. हेच जोडपे दुसऱ्या दिवशी गाडी न हलवता तेथेच राहिले तर मात्र त्या रात्रीचे १११ आधीच्या खर्चात मिळतात आणि निम्म्याहून अधिक बॅटरी संपते. गाडीत राहणाऱ्यांची फसगत बहुधा पहिल्या रात्री होत नाही, ती या दुसऱ्या रात्री होते.

कोणते उपकरण किती खाते, याचा अंदाज दिसण्यावरून बांधता येत नाही. गाडीचे साधे हॅलोजन दिवे प्रत्येकी ५५ वॅटचे असतात. सामान लावताना उजेड हवा म्हणून दोन्ही दिवे सव्वा तास चालू ठेवले, तर वर सांगितलेले सुमारे १४० वॅट-तास तेवढ्यातच संपतात. पाणी उकळण्याची विजेची किटली १५०० वॅटची असते. १२ व्होल्टवर तिला १२५ अँपिअर प्रवाह लागेल, आणि इन्व्हर्टरमधील गळती धरली तर त्याहून जास्त. डॅशबोर्डवरील सॉकेटचा फ्यूज मात्र बहुधा दहा-पंधरा अँपिअरचाच असतो. म्हणून चहासाठी गॅसची लहान शेगडी, आणि तीही गाडीबाहेर, हाच मार्ग शहाणपणाचा ठरतो.

बॅटरीची स्थिती ओळखण्यासाठी स्वस्तातला व्होल्टमीटर पुरतो. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर १२.६ किंवा थोडे अधिक व्होल्ट दिसले, तर बॅटरी पूर्ण भरलेली समजावी. १२.२ च्या आसपास ती निम्मी झालेली असते. ११.९ च्या खाली गेली तर सकाळची खात्री धरू नये.

पाठगत प्रश्न

१. गाडीच्या बॅटरीतील पट्ट्या पातळ का ठेवलेल्या असतात?
२. उदाहरणातील जोडप्याने पंखा चारच तास लावला, पण मोबाईल रात्रीच चार्ज केले, तर एकूण किती वॅट-तास खर्च होतील?

दुसरी बॅटरी आणि सूर्य

ज्यांना एका जागी दोन-तीन दिवस थांबायचे असते, ते मुक्कामासाठी स्वतंत्र दुसरी बॅटरी ठेवतात. त्यामुळे इंजिनाची बॅटरी सुरक्षित राहते. अलीकडे त्यासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी वापरतात. १०० अँपिअर-तासांच्या अशा बॅटरीत सुमारे १,२८० वॅट-तास साठतात आणि त्यांपैकी ऐंशी टक्के, म्हणजे हजाराच्या आसपास, निर्धास्तपणे वापरता येतात. वजन दहा-पंधरा किलो. तेवढ्याच क्षमतेची शिशाची बॅटरी त्याच्या दुपटीहून जड असते. किंमत मात्र बरीच जास्त. दोन्ही बॅटऱ्या नुसत्या तारेने एकमेकींना जोडू नयेत. मधे योग्य चार्जर बसवला की चालू गाडीतून दुसरी बॅटरी भरते आणि इंजिन थांबताच दोघींचा संबंध तुटतो. तार पुरेशी जाड असावी आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असावा. तार घासून आवरण फाटले आणि ती गाडीच्या पत्र्याला टेकली, तर फ्यूजच आग टाळू शकतो. हे काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेणे योग्य.

गाडीच्या टपावर सौर पॅनेल ठेवण्याची पद्धतही रूढ होत आहे. स्वच्छ उन्हात १०० वॅटचे पॅनेल दिवसाकाठी तीनशे ते चारशे वॅट-तास देते. पावसाळी, ढगाळ दिवसांत ते फारच कमी मिळतात. यात एक गमतीची अडचण आहे. माणसाला सावली हवी असते आणि पॅनेलला ऊन. झाडाखाली गाडी लावली तर बॅटरी उपाशी राहते, आणि उघड्यावर लावली तर माणसे भाजून निघतात. काही अनुभवी प्रवासी घडीचे पॅनेल लांब तारेने दूर उन्हात ठेवतात व स्वतः सावलीत बसतात.

कॉम्प्रेसर असलेला १२ व्होल्टचा लहान फ्रिज थांबून थांबून चालतो, तरी चोवीस तासांत सुमारे ३६० वॅट-तास घेतो. वरील पॅनेलची चांगल्या दिवसाची सारी कमाई या एका उपकरणावर जाते. फ्रिज खरोखर हवा आहे का, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा. भाकरी, चटणी, दाण्याचे कूट, ताक यांवर दोन दिवस निघू शकतात.

थंडी, उकाडा आणि बंद काचा

थंड प्रदेशात हिशेब पुन्हा बदलतो. मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून स्पितीत उतरणाऱ्याला सप्टेंबरअखेरही रात्री गोठवणारी थंडी भेटू शकते. शिशाची बॅटरी थंडीत कमी वीज देते आणि नेमके त्याच वेळी थंड, घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवण्यास जास्त ताकद लागते. रिकामी बॅटरी तर उणे दहा अंशांच्या आसपास आतून गोठूही शकते. भरलेली गोठत नाही. लिथियम बॅटरीचे वेगळेच आहे. शून्य अंशाखाली ती वीज देते, पण त्या स्थितीत तिला चार्ज केल्यास ती खराब होते. सूर्य उगवून डबा थोडा तापेपर्यंत थांबावे लागते.

अशा थंडीत सर्वांत घातक चूक म्हणजे इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपणे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून ठेवते, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते; झोपलेल्या माणसाला मात्र ही लक्षणे जाणवतातच असे नाही. धूर सोडणारी नळी बर्फाने किंवा चिखलाने बुजलेली असेल अथवा गाडी बंद गॅरेजमध्ये असेल, तर धोका फार वाढतो. कोळशाची शेगडी तोच वायू सोडते. उत्तर भारतात हिवाळ्यात शेगडी आत ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या येतात, त्यामागचे कारण हेच. लोकरी कपडे, जाड स्लीपिंग बॅग आणि गरम पाण्याची पिशवी यांना ना धूर असतो, ना वीज लागते. कोणाला अशी लक्षणे दिसली तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे आणि रुग्णालय गाठावे.

उन्हाळ्यात उलट संकट असते. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीतील तापमान अर्ध्या-पाऊण तासात बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी वाढू शकते. लहान मुलाला अशा गाडीत क्षणभरही एकटे ठेवू नये. ऋतू कोणताही असो, समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या असाव्यात व त्यांवर मच्छरदाणीची जाळी लावावी. श्वासातील बाष्पही त्यामुळे बाहेर जाते. नाहीतर सकाळी काचा आतून ओल्या होतात आणि अंथरूण दमट लागते.

गाडीच्या मूळ बांधणीत बदल करण्यापूर्वी कायदाही पाहावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे ठरतील असे बदल मालकाला करता येत नाहीत.

एवढी काळजी घेऊनही एखाद्या सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसतीच 'टकटक' ऐकू येते. अशा वेळी दुसऱ्या गाडीची मदत घ्यावी. लाल जंप केबलचे एक टोक बंद पडलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, दुसरे मदतीच्या बॅटरीच्या धन टोकाला जोडावे. काळ्या केबलचे एक टोक मदतीच्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटच्या जोडणीवेळी ठिणगी उडू शकते आणि बॅटरीतून बाहेर पडणारा हायड्रोजन पेट घेणारा असतो, म्हणून हे अंतर. मदतीची गाडी काही मिनिटे चालू ठेवावी, मग आपली सुरू करावी. सुरू झाल्यावर ती लगेच बंद करू नये. निदान अर्धा-पाऊण तास गाडी चालवावी, आणि पुढच्या मुक्कामी पोहोचल्यावर पंखा लावण्यापूर्वी व्होल्टमीटर पाहावा.

स्वाध्याय

१. तुमच्या ओळखीच्या एखाद्या मालमोटार किंवा टॅक्सी चालकाला तो रात्री गाडीत कसा राहतो, ते विचारा व दहा ओळींत लिहा.
२. ६० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीतून, एक तृतीयांशाचा नियम पाळून, बारा वॅटचा पंखा किती तास चालेल?
३. 'गाडीत राहणाऱ्यांची फसगत बहुधा पहिल्या रात्री होत नाही, ती या दुसऱ्या रात्री होते' हे विधान पाठातील आकड्यांच्या आधारे स्पष्ट करा.