स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या तीन शंका

स्पॅनिश शिकूं लागलेले विद्यार्थी आम्हांस वारंवार तीन शंका विचारतात. पैकीं दोन इंग्रजीच्या वाटेनें गेल्यामुळें उद्भवतात. मराठीची वाट धरिली तर त्या आपोआप फिटतात.

‘मे गुस्ता एल लिब्रो’ म्हणजे ‘मला पुस्तक आवडतें’. येथें कर्ता पुस्तक. म्हणून पुस्तकें अनेक झालीं कीं ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’, ‘मला पुस्तकें आवडतात’. इंग्रजीप्रमाणें ‘मी’ हा कर्ता करूं पाहणारा येथेंच अडखळतो.

दुसरी शंका ‘आ’ या अव्ययाची. ‘बेओ ला कासा’, मी घर पाहतों. परंतु ‘बेओ आ हुआन’, मी हुआनला पाहतों. ठराविक व्यक्ति कर्म असतां आपण ‘ला’ लावतों, तसेंच हें.

तिसरी शंका मात्र मराठीनें सुटत नाहीं. आपल्या एका ‘आहे’साठीं तेथें ‘सेर’ आणि ‘एस्तार’ असे दोन धातु आहेत. ‘कायमचें तें सेर, तात्पुरतें तें एस्तार’ असें आम्ही पूर्वीं वर्गांत सांगत असूं. एके दिवशीं एका मुलानें विचारिलें, “माद्रिद तर स्पेनमध्यें कायमचें आहे, मग तेथें ‘एस्तार’ कां?” आम्ही निरुत्तर झालों. खरें असें कीं, वस्तु काय आहे तें ‘सेर’ सांगतो. ती कोठें व कोणत्या स्थितींत आहे तें ‘एस्तार’. म्हणूनच मेलेला मनुष्यहि ‘एस्ता मुएर्तो’.

विद्यार्थ्यांनो, सोपा नियम पाठ करण्यापूर्वीं त्यास एक अवघड उदाहरण लावून पाहावें. आम्हांस तें त्या मुलानें शिकविलें.